न कापलेला सुरण

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात शेवळं आली आहेत. आज सकाळी दुकानात जायच्या आधी मी लिंबं घ्यायला म्हणून तिकडे गेले होते, आणि कोपऱ्यावर बसलेल्या बाईच्या पाटीत त्या जांभळट तपकिरी सुरळ्या दिसल्या. पानाच्या दोऱ्याने बांधलेल्या जुड्या आणि शेजारी हिरव्या काकडांचा ढीग. माझ्या बाजूला उभी असलेली एक बाई विचारत होती, "ये क्या है? फूल है कि सब्जी?" विकणारी म्हणाली, "दोनो है."

तिने बरोबर सांगितलं. शेवळ म्हणजे न उमललेलं फूल. उन्हाळाभर जमिनीखाली त्याचा कांदा, म्हणजे कंद, झोपलेला असतो, पावसाच्या तोंडावर तो भाल्यासारखा एक कळा वर पाठवतो, आणि तो उघडायच्या आत माणसं खुडून आणतात. नुसता शिजवला तर घसा धरतो, म्हणून सोबत ही आंबट काकडं. हा सगळा खेळ थोड्याच दिवसांचा. मग शेवळं बाजारातून अशी नाहीशी होतात की आली होती की नाही असं वाटावं.

मी एक जुडी उचलली आणि सवयीने नाकाशी नेली. ती बाई हसली. भाजी हातात घेऊन बघतात, कुणी मोडून बघतं, पण शेवळं हुंगून घेणारं गिऱ्हाईक तिने बहुतेक पाहिलं नसावं. मला ती सवय तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याने लावली. तेव्हापासून या दिवसांत माझं लक्ष सारखं जमिनीकडे असतं. गटाराच्या कडेला माजलेलं अळू, सोसायटीच्या लॉबीतल्या कुंडीत ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं डिफेनबेकिया, बाटलीत लावलेला मनीप्लांट, लग्नाच्या गुच्छातलं प्लास्टिकसारखं चमकणारं लाल अँथुरियम. ही सगळी भावंडं आहेत, एकाच कुळातली, हे मला त्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. एक पान गुंडाळून केलेला आडोसा आणि त्या आडोशात उभा एक दांडा, अशी या घराण्याच्या फुलाची ठेवण. कुणाचं फूल कोटाच्या खिशावर लावतात, कुणाचं भाजीत घालतात. आणि एकाचं फूल आमच्या बिल्डिंगच्या मागे उमललं होतं.

तो सुरण नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. चिपळूणजवळच्या गावाहून विशीत इकडे आले, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. आम्ही राहतो त्या मीरा रोडच्या पूनम सागरमध्येच मी एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे दुपारी जेवायलाही घरी येता येतं.

त्या उन्हाळ्याच्या आधी दोनेक वर्षं नानांना एक ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. म्हणजे त्यांना कसलाच वास येईना. आधी आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. सर्दीसारखं असेल, जाईल. मग एक दिवस मी घरी आले तर स्वयंपाकघरात धूर, पातेल्याचा कोळसा, आणि नाना दोन हातांवर खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. "मला कसं कळणार गं?" एवढंच म्हणाले.

हे नाना म्हणजे असे की जिना चढता चढता सांगायचे, दुसऱ्या मजल्यावर आज तिसऱ्यांचं कालवण शिजतंय, आणि जोश्यांकडे साखर करपली. कारखान्यातून आले की आधी साबणाने हात धुवायचे, तळवे हुंगायचे आणि पुन्हा धुवायचे, कारण पॉलिशचा वास हाताला राहिला तर जेवण जात नसे. अशा माणसाला आता जेवणातलं गरम-गार कळायचं, मऊ-कडक कळायचं, खारट-आंबटही कळायचं. पण आमटी कुठली आणि सार कुठलं ते कळायचं नाही. "ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं," म्हणायचे. मी बोंबील केले काय, उपमा केला काय, ते तेवढंच खायचे, औषध घेतल्यासारखं. सदरे खांद्यावरून उतरायला लागले.

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, येईल तेव्हा येईल, रोज चार वास हुंगत जा. मी चार छोट्या बाटल्या केल्या. लवंग, लिंबाची साल, गुलाबाचं अत्तर, निलगिरी. खिडकीत मांडल्या. नाना काही महिने सकाळ-संध्याकाळ इमानाने हुंगत होते, डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखे. मी समोर उभी राहायचे. ते नाही म्हणून मान हलवायचे. पुढे पुढे तो मान हलवण्याचा प्रसंगच नको म्हणून की काय, मी तिथे असताना ते बाटल्या उघडेनासे झाले, आणि मग उघडेनासेच झाले.

आणि याचमुळे सुरण वाचला.

सुरणाचा एक डोळा असलेला तुकडा चुलतभावाने दिवाळीत गावाहून आणला होता. नानांनी तो बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि पंपाची खोली यांच्या मधल्या मातीच्या पट्ट्यात लावला. पावसाळ्यात त्यातून एकच पान आलं. पण पान म्हणजे केवढं! ठिपक्याठिपक्यांचा जाड दांडा आणि वर उघडलेली छत्री. बिल्डिंगमधल्या मुलांना ते झाड वाटायचं. दिवाळीच्या सुमाराला पान पिवळं पडून झोपलं की नाना कांदा उकरून बघायचे, केवढा झाला ते हातांनी मापायचे आणि परत पुरायचे. "यंदा नको, पुढल्या वर्षी कापू. चांगला मोठा होऊ दे." मग ताप आला. त्या दिवाळीत मी विचारलं, "नाना, आता काढायचा ना? काप करते, तुम्हाला आवडतात तसे, कोकम लावून."

"कशाला?" ते म्हणाले. "मला कळणार आहे का? राहू दे त्याला जमिनीत."

पुढच्या दिवाळीतही तेच झालं. असा तो राहिला. आमच्या गावी कुणी सुरणाला इतकी वर्षं जमिनीत राहू देत नाही. तो खाण्यासाठी लावायचा, खायच्या आधी उकरायचा. नाना सत्तरीला आलेले, लहानपण कोकणातल्या वाडीत गेलेलं, पण सुरणाला फूल येतं हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं.

मे महिन्यात एक दिवस ते खालून वर आले ते पायऱ्या जरा भराभर चढून. "सुमे, खाली चल. तो काहीतरी वेगळंच करतोय."

मातीतून एक जाड, बोथट, जांभळट टोक वर आलं होतं. पानाचा कोंब निमुळता असतो, हे तसं नव्हतं. एखाद्या जनावराने मातीतून तोंड बाहेर काढावं तसं दिसत होतं. नाना त्याच्या बाजूला उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. गेल्या दोन वर्षांत एखाद्या गोष्टीकडे त्यांनी असं बघितलेलं मला आठवत नव्हतं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी चहा झाला की खाली, ऊन उतरलं की पुन्हा खाली. टोक फुगत गेलं. त्याच्यावर शिरा दिसायला लागल्या, मग ठिपके. बाहेरचं आवरण कोबीच्या पानासारखं एकावर एक घट्ट, कडेने चुण्या पडलेलं. मी दुकानातल्या मोकळ्या वेळात फोनवर शोधाशोध करायचे आणि घरी येऊन सांगायचे. आत बाईफुलं खाली असतात, बुवाफुलं वर, आणि त्याच्यावर एक गोळा. बाईफुलं आधी जागी होतात, बुवाफुलं दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्वतःचं स्वतःला लागू नये. नाना ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. बघू तर खरं." वासाचंही मी वाचलं होतं. कुजलेल्या मांसासारखा वास सुटतो, त्या वासावर माश्या आणि भुंगे येतात, असं. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्यापाशी वासाचा विषय काढायचं मी सोडूनच दिलं होतं.

तळमजल्यावर मागच्या बाजूला किरीटभाई राहतात. त्यांच्या हॉलची खिडकी बरोबर त्या पट्ट्यावर उघडते. किरीटभाई जैन, त्यांच्या घरात बटाटासुद्धा येत नाही. ते खिडकीतून रोज विचारायचे, "नाना, आज कितना हुआ?"

"इतना," नाना हाताने दाखवायचे.

"हम लोग तो कंदमूळ खाते नहीं," किरीटभाई म्हणायचे, "लेकिन देखने में क्या है?" आणि खिडकीच्या गजांना नाक लावून बघायचे.

ज्या दिवशी फूल उघडलं तो रविवार होता. दुपारी चुण्या सैल झाल्यासारख्या वाटल्या. मग आम्ही चहा पीत असताना ते आवरण एका बाजूने सुटलं आणि हळूहळू मागे कलत गेलं. उन्हं कलेपर्यंत ते परातीएवढं पसरलं. आतून गर्द जांभळं, तळाशी पिवळसर, कडेला झालरीसारख्या लाटा, आणि मधोमध गोळा, मेंदूसारखा सुरकुतलेला, काळपट तांबडा. सुंदर म्हणावं की भयंकर, ते ठरवता येईना. नाना म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही याला दिवाळीत कापून खाल्लं." मग थोड्या वेळाने, "याच्या पोटात हे होतं."

आणि तेवढ्यात वास सुटला.

वाचलं होतं तरी मी दोन पावलं मागे गेले. हा वास हवेतून येत नव्हता, अंगावरच येत होता. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. वॉचमन काठी घेऊन पंपाच्या खोलीमागे मेलेला उंदीर शोधायला लागला. कोणीतरी वरून ओरडलं, "अरे, टाकी में कुछ मर गया क्या देखो!" नाना मात्र फुलाच्या अगदी शेजारी स्टुलावर बसलेले, शांत. सगळे नाक दाबून का पळतायत हे त्यांना आधी कळलंच नाही. मी सांगितलं. "यालाच येतो हा वास, नाना. फुलालाच."

"असं?" ते म्हणाले आणि वाकून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग मान हलवली. बाटल्यांसमोर हलवायचे तशीच.

तेवढ्यात किरीटभाई बाहेर आले. इस्त्रीचा झब्बा, तोंडावर रुमाल, चेहरा रडवेला. त्यांच्या हेतलला बघायला बोरिवलीहून पाहुणे येणार होते, त्याच संध्याकाळी, तासाभरात. हॉलमध्ये ताटं मांडून झाली होती आणि हॉलमध्ये बसवत नव्हतं. "नाना," ते म्हणाले, "मैं क्या बोलू आपको. रोज मैं भी देखता था. लेकिन आज... मेहमान को मैं क्या बोलेगा?"

नाना उठले. पंपाच्या खोलीत ते आपला कोयता ठेवायचे, तो घेऊन आले. मी म्हटलं, "नाना, थांबा, काहीतरी करू." ते म्हणाले, "पोरीच्या लग्नाची गोष्ट आहे, सुमे. फुलाचं काय एवढं. बघितलं ना आपण." पण कोयता धरलेल्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या, ते मला दिसत होतं. "हटो किरीटभाई, मैं काटता है उसको."

किरीटभाई हटले नाहीत. ते रुमाल नाकावर घट्ट दाबून वाकले होते आणि फुलात आत बघत होते. आत, त्या जांभळ्या कुंडात, भुंगेरे उतरले होते. बारीक, काळे, चमकणारे, एकमेकांवर चढणारे, आणि हिरव्या माश्या. काही क्षणांत कुठून जमले होते कोण जाणे.

"रुको नाना," किरीटभाई म्हणाले. "इसमें तो जीव है."

"मख्खी है, उड जाएगी."

"सब नहीं उडेगी. अंदर घुसी हुई है. मत काटो." मग सरळ उभे राहून त्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीत त्यांच्या बायको नयनाबेन उभ्या होत्या, पदर नाकाला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तो महेमानने क्यां बेसाडशो?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांना बसवायचं कुठे, हा प्रश्न खराच होता. मग मीच म्हटलं, "आमच्याकडे आणा ना. तिसरा मजला, रस्त्याच्या बाजूला. तिथे वास नाही."

बोलून गेले आणि मग आठवलं की आदल्या दिवशी मी बांगडे तळले होते. वर धावले. सगळ्या खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली, ओट्यावर तीनदा फडकं फिरवलं. नयनाबेन आणि हेतल लिफ्टने ताटं घेऊन आल्या. पाणीसुद्धा त्यांनी आपल्या घरचंच आणलं. नानांनी धुतलेला सदरा घातला आणि दाराशी उभे राहून त्यांनी किरीटभाईंच्या पाहुण्यांना "आवो, आवो" केलं, जणू मुलगी आमचीच होती. एका अर्थाने ती होतीही. लहानपणी याच घरात बसून तिने मराठीचे धडे पाठ केले होते.

पण लपून राहिलं नाही. पाहुणे खालच्या लॉबीतूनच आले होते. मुलाच्या वडिलांनी एक-दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "भाई, नीचे वो बास किसकी है?" किरीटभाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि सगळं सांगून टाकलं. मुलगा उठून उभा राहिला. "देखने को मिलेगा?"

मग ती सगळी वरात खाली गेली. जरीच्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, सगळ्यांच्या नाकांवर रुमाल, आणि फुलाभोवती अर्धवर्तुळ. बिल्डिंगमधली इतरही माणसं आली. ज्यांनी खिडक्या बंद केल्या होत्या तीच. नाना स्टुलावर होते आणि त्या अख्ख्या घोळक्यात फक्त त्यांच्या नाकावर रुमाल नव्हता. फुलाची माहिती ते सांगत होते. बाईफुलं कुठली, बुवाफुलं कुठली. मी त्यांना सांगितलेलं शब्दाशब्दाने त्यांच्या लक्षात होतं. मुलाने विचारलं, "अंकल, आपको बास नहीं आती?"

"नहीं आता," नाना म्हणाले. "गया मेरा. दो साल हुआ." आणि मग त्यांनी विचारलं, "कैसा है? तुम बताओ."

मुलगा गोंधळला. "बहुत खराब है, अंकल."

"खराब मतलब कैसा?"

हा प्रश्न दोन वर्षांत त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. मलाही नाही. आता ते प्रत्येकाला विचारत होते, आणि लोक खरोखर विचार करून सांगत होते. वॉचमन म्हणाला, तीन दिवसांचा उंदीर. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, सुका जवळा पावसात भिजला आणि कोणी पिशवीत बांधून ठेवला, तसा. हेतल म्हणाली, डबा शाळेत विसरून सुट्टी लागते ना, मग उघडल्यावर येतो तो. किरीटभाईंनी मांस-मासळी कधी हुंगलीच नव्हती, त्यांनी खूप वेळ घेतला आणि म्हणाले, "गटर में गुलाब डाला तो कैसा होगा? वैसा." सगळे हसले. नाना हसले नाहीत. प्रत्येक उत्तरावर ते डोळे बारीक करत होते, जणू तो उंदीर, तो जवळा, तो डबा एकेक करून आठवून त्या फुलावर ठेवून बघत होते.

मग त्यांनी हात पुढे केला आणि मधल्या गोळ्यावर तळवा ठेवला. "सुमे," ते म्हणाले, "हा गरम आहे."

मी हात लावला. खरंच गरम. ताप आलेल्या कपाळासारखा. फूल आतून तापतं आणि त्या उष्णतेने वास दूरवर जातो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा एकेकाने हात लावून पाहिला, डाव्या हाताने रुमाल धरून उजवा हात पुढे करत. मुलाच्या आईने जरीचा पदर सावरत लावला. फक्त किरीटभाईंनी नाही लावला, भुंगेरे दुखावतील म्हणून.

हेतलचं त्या मुलाशी जमलं नाही. त्याला परदेशी जायचं होतं, हिला नव्हतं. सुरणाला त्यात कुणी दोष दिला नाही. हेतलचं लग्न गेल्या वर्षी दुसरीकडे झालं आणि तिच्या लग्नात नाना पहिल्या रांगेत होते.

पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर, वर येऊन हातपाय धुतल्यावर, नाना ताटावर बसले आणि त्यांनी घासच घेतला नाही. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगला आला. बोरिवलीवाल्यांना आला. लावला मी, आणि मलाच नाही." आवाज चढला नव्हता. ताट तसंच ठेवून ते उठले. तापानंतर त्या दोन वर्षांत नानांना रडताना मी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. दिवा मालवून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं, आता हा माणूस खाली जाणंही सोडणार.

दुसऱ्या दिवशी वास ओसरला होता. फुलाच्या आत पिवळा भुगा पडला होता आणि तो अंगाला माखून भुंगेरे बाहेर पडत होते. किरीटभाईंनी खिडकीतून हाक मारून सांगितलं, "नाना, सब जा रहे हैं, देखो आके!" नाना गेले नाहीत. चारपाच दिवसांत सगळं लोळागोळा होऊन मातीला टेकलं. जागा मोकळी झाली आणि तिथे एक चिकट डाग तेवढा राहिला. मला वाटलं कांदाच कुजला.

दुकानात माझ्याबरोबर भारती काम करते. ती गोडदेवची, मूळची आगरी. चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये तिचं कौलारू घर. मी तिला सुरणाची आणि नानांची गोष्ट सांगितली होती. जूनच्या सुरुवातीला, एकदोन सरी पडून गेल्यावर, ती म्हणाली, "तुज्या नानांना घेऊन चल. चेण्याकडं आमच्या मावशीची वाडी हाय, डोंगराला लागून. तिकडं शेवलं आलीत. उगवलेली बगू देत त्यांना. बाजारात काय, मेलेलीच दिसतात."

मी म्हटलं, ते येणार नाहीत. ती म्हणाली, "मी सांगते त्यांना." आणि संध्याकाळी घरी येऊन तिने सरळ सांगितलं, "नाना, रविवारी शेवलं काढायला यायचंय. मला वाकवत न्हाय." भारती माझ्याहून तरुण आहे आणि तिला चांगलं वाकवतं. नानांना ते कळलं असणार. तरी ते म्हणाले, "बरं."

घोडबंदरच्या रस्त्यावर रिक्षातून उतरून आत गेलं की आवाज एकदम थांबतो. मावशीच्या वाडीत आंबा, फणस, करवंदीच्या जाळ्या, आणि खाली गेल्या वर्षीचा पाचोळा, भिजून काळा झालेला. पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही. भारती बोट दाखवायची, "त्यो बग," आणि मला नुसता पाचोळा. मग एक दिसलं, आणि एक दिसल्यावर सगळीकडे दिसायला लागली. पाचोळ्यातून सरळ वर आलेली, तपकिरी, एकेकटी उभी. पानाचा पत्ता नाही. बाजारातल्या जुडीत ती भाजी वाटतात, इथे ती कुणाची तरी वाट बघत उभी असल्यासारखी वाटली. मला सुरणाची आठवण आली. त्याच घराण्याचा बांधा, फक्त सुरण बसका आणि हे सडपातळ.

भारती मिटलेली तेवढी खुडत होती, त्यातलीही काही मागे ठेवत. एक पुरतं उघडलं होतं. होडीसारखं आवरण आणि त्यातून वर आलेला लांब, गर्द दांडा. नानांनी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "त्यो उघडला नाना, त्यो खायचा न्हाय. राहू द्या त्याला."

"खायचा नाहीये मला," नाना म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले. ते शेवळ जमिनीपासून वीतभरच उंच होतं, तिथे नाक पोचेना. मग त्यांनी तळवे टेकले, आणि सत्तरीचे नाना त्या ओल्या पाचोळ्यात पालथे पडले. चष्मा काढून बाजूला ठेवला. नाक फुलापाशी नेलं. मी ओढणी नाकावर धरून मागे उभी होते, कारण वास माझ्यापर्यंत येत होता. त्यांच्या मान हलवण्याची मी वाट बघत होते, आणि मला ते बघायचं नव्हतं.

मान हलली नाही.

"सुमे," ते म्हणाले. आवाज पाचोळ्यातून आला. "काहीतरी येतंय."

"काय येतंय?"

"कळत नाही. लांबून आल्यासारखं." पुन्हा श्वास घेतला, मोठा, पाठ फुगवून. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गालाला पाचोळ्याचा तुकडा चिकटलेला, डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की मला ते आईच्या वेळचे नाना वाटले. "घाण आहे गं! घाण वास आहे!"

पुढे काही वास त्यांना परत आले, काही आले नाहीत. कांदा भाजलेला कळतो, डिझेल कळतं, बांगडा कळतो. चहाचा येत नाही. गुलाबाचा येतो पण ते म्हणतात, तो गुलाबाचा नाही, दुसऱ्याच कशाचा तरी आहे. घरी परतलो त्यानंतर काही दिवसांनी मागच्या पट्ट्यात सुरणाचा कोंब वर आला, निमुळता, पानाचा, आणि किरीटभाईंनी वर फोन करून ती बातमी दिली. डॉक्टर म्हणाले, नस जागी होत होती, कुठे ना कुठे कळलंच असतं. असेलही. मी काही वाद घातला नाही.

पण त्या रविवारी वाडीत हे काहीच माहीत नव्हतं. तो वास टिकेल की उठता उठता जाईल, हेही नाही. म्हणून बहुधा नाना उठतच नव्हते. भारती टोपली कमरेला लावून उभी होती. "नाना, उठा आता. मुंग्या हायेत तिकडं."

"असू देत," ते पालथेच म्हणाले. "जरा घेऊ दे."

मी नाकावरची ओढणी काढली, आणि त्यांच्या शेजारी त्या पाचोळ्यात पोटावर पडून डोकं फुलापाशी नेलं. वास खरोखरच भयंकर होता.